दोन इंच कमी असलेला टेप

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (सहा फूट अंतर सोडून आडवा पडलो आहे असं समज. एवढ्या अंतरावरून माझे हात तुझ्या पायांपर्यंत पोचत नाहीत, पण सध्याचे नियम आणि लहानपणची शिकवण दोन्ही एकाच वेळी पाळणं कोणालाच जमत नाहीये.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा रक्तदाब? आणि तुझा खोकला गेला का? पूर्वी पत्रात खोकल्याची चौकशी करायची ती नुसती रीत म्हणून. या वर्षात ती चौकशी इतकी खरी झाली आहे की उत्तर येईपर्यंत झोप लागत नाही, म्हणून याचं उत्तर तेवढं लगेच कळव. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. हिचं वजन वाढलं आहे, पण ते मी लिहिलं असं तिला कळू देऊ नकोस.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या कारखान्याच्या गोदामात तू माझ्यासाठी जागा बोलून ठेवलीस आणि साहेबांनी ती पंधरा तारखेपर्यंत अडवून धरली आहे, हे वाचून खरंच भरून आलं. दुकान बंद पडलेल्या माणसासाठी सख्खा भाऊ शब्द टाकतो, तोही स्वतःच्या साहेबापाशी, ही काही लहानसहान गोष्ट नाही. आज अकरा तारीख आहे, हे मला माहीत आहे. त्या विषयाकडे मी येतोच आहे. पण वाटेत आपला टेप आडवा पडला आहे, तो ओलांडूनच यावं लागेल.

तर सुरुवातीचे सात आठवडे दुकान पूर्ण बंद होतं हे तुला माहीतच आहे. आपलं दुकान खाली आणि घर वर, मधे आतला लाकडी जिना, त्यामुळे कामावर जायची माझी सवय मोडली नाही. रोज दहा वाजता अंघोळ करून, गळ्यात टेप घालून खाली उतरायचो आणि शटर न उघडता मशीनपाशी बसायचो. मशीनला तेल घालायचो. दोरा न ओवता थोडं चालवायचो, पट्टा ताठ होऊ नये म्हणून. (खरं कारण आवाज ऐकायचा होता.) उरलेल्या चिंध्यांचे मास्क हिने शिवले, पण मास्क गल्लीतल्या प्रत्येक घरी कोणी ना कोणी शिवतच होतं, त्यामुळे आमचे मास्क आम्हीच वापरले. आजही माझ्याकडे सूटच्या अस्तराचे अकरा मास्क आहेत. श्वास कोंडतो, पण रुबाब असा की विचारू नकोस.

मग हुकूम निघाला की दुकानं दहा ते दोन उघडा, शटर अर्धं, आत एकच गिऱ्हाईक, कपडे घालून बघायचा कोपरा बंद आणि गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही. आता शिंप्याने गिऱ्हाइकाला हात न लावता काय करावं, हे त्या हुकुमात लिहिलेलं नव्हतं. समोरच्या बेकरीवाल्याचं बरं होतं. भट्टीत पाव सारायचं त्याचं लाकडी फावडं मुळातच सहा फुटांचं. त्याने तेच रस्त्यावर काढलं आणि फावड्यावरून पाव द्यायला सुरुवात केली. त्याचे आजोबा जणू याच दिवसांसाठी दांडा लांब ठेवून गेले होते. सलूनवाल्याची अवस्था माझ्याहून वाईट. तो बिचारा लोकांच्या खिडक्यांखाली फुटपाथवर उभा राहून आतल्या बायकांना ओरडून सूचना द्यायचा, की कात्री आडवी धरा, कानामागे हळू, आता तिथंच थांबा. त्या थांबत नसत. दोन घरांतले कर्ते पुरुष त्यानंतर महिनाभर खिडकीत आले नाहीत. पण घरोघरी केस कापले गेले ते त्याच्यामुळेच, आणि लोक त्याला विसरले नाहीत, हे मुद्दाम लिहितो.

माझ्या डोक्यात आलं ते असं. आपला टेप टोपलीत घालायचा, टोपली दारात ठेवायची. ज्याला कपडे हवेत त्याने टोपली घरी न्यावी, घरच्या माणसाकडून स्वतःचं माप घ्यावं, चिठ्ठीवर छाती, कंबर, सीट लिहावं आणि चिठ्ठी, कापड आणि एक जुना कपडा असं सगळं टोपलीत घालून परत आणावं. टेप साबणाच्या पाण्यात धुवायचा, वाळवायचा, पुढच्याला द्यायचा. जुना कपडा लांबीसाठी. बाबांची शिकवण तुला आठवत असेल, लांबी कपड्याला विचारायची आणि घेर माणसाला, कारण जुना कपडा धुऊन धुऊन आटतो आणि माणूस कशानेच आटत नाही. हिने सूचनांचा कागद सुंदर अक्षरात लिहून टोपलीला टाचला. मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की त्या दिवशी मी शटर पाऊणभर उघडलं.

आता टेपबद्दल. तुला आठवतं ना? मी सात वर्षांचा, तू अकरा. नाकतोड्यांची लांबी मोजायला तुला लहान टेप हवा होता, म्हणून तू बाबांच्या मोठ्या कात्रीने टेपचे पहिले दोन इंच, पितळी टोकासकट, कापून घेतलेस आणि खिशात घातलेस. बाबा आले तेव्हा कात्री माझ्या हातात होती. (तूच दिली होतीस, "जरा धर" म्हणून.) एकच मारली, पण कान दुपारपर्यंत वाजत होता. तू खांबाला टेकून नाकतोड्याकडे बघत राहिलास. बाबांनी टेपच्या कापल्या कडेला काळ्या दोऱ्याने टीप घातली आणि नवा टेप काही आणला नाही. पुढे मला माप घ्यायला शिकवलं तेव्हा सांगितलं, की दोन वजा करायचे, त्यात काय एवढं. ते माझ्या बोटांत इतकं मुरलं की टेपवर अडतीस दिसलं की वहीत छत्तीस लिहिलं जायचं आणि मधे काही हिशेब झाला हे मला कळायचंही नाही. चाळीस वर्षं हे असं चाललं आहे. विसरायला ती गोष्ट आधी लक्षात तरी असावी लागते.

तुझ्या आता लक्षात आलं असेल. माझ्या त्या वेळी आलं नाही.

टोपली फिरायला लागली. बेकरीवाल्याचं माप त्याच्या बायकोने घेतलं, आणि समोरच्या खिडकीतून ऐकू आलं त्यावरून तो पोट आत ओढून उभा होता आणि ती वाट बघत होती, कारण माणूस किती वेळ श्वास धरणार. शेवटी तिला पोळ्या करायच्या होत्या म्हणून तो जिंकला. सलूनवाल्याने आपली कंबर टेपवर बघितली आणि हबकून दोरीच्या उड्या सुरू केल्या. चार दिवसांनी दोरी परत कपडे वाळत घालायला गेली. पलीकडच्या गणिताच्या बाई, ज्या सध्या कॉम्प्युटरवरून शाळा घेतात, त्यांनी तीन वेळा माप घेऊन सरासरी काढून पाठवली. त्यांना पडद्यावर दिसण्यापुरतं जाकीट हवं होतं, पाठीला कापड नसलं तरी चालेल म्हणाल्या. (पाठ मी लावली. पाठ नसलेलं जाकीट आपल्या दुकानातून बाहेर पडलं असतं तर बाबांनी मला दुसरी मारली असती.) अशा चिठ्ठ्या चौदा जमल्या. माझा टेप गावभर, म्हणून बेतायला मी भिंतीवरची लाकडी पट्टी घेतली. चिठ्ठीवर जे होतं तेच पट्टीवर मोजलं, खडू मारला आणि कापलं. बोटांना वजा करायची सवय टेप हातात असेल तेव्हाची. टेप नाही, तर वजाही नाही.

आणि शिवायला बसतो न बसतो तोच पुन्हा सगळं बंद. या वेळी आपली गल्लीच दोन्ही टोकांना बांबू लावून बांधली. बटणं संपली, अस्तर संपलं, ते यायला वाट बघावी लागली. नऊ आठवडे ते चौदा कपडे दुकानात टांगलेले होते. त्याच काळात तुझं पहिलं पत्र आलं, गोदामातल्या जागेचं, आणि मी हिला सांगून टाकलं की हे चौदा दिले की संपलं, मशीन झाकायचं आणि दादाकडे जायचं. ही सुईत दोरा ओवत बसली. दादा, बाबांच्या दुकानातलं शेवटचं काम म्हणून मी त्या कपड्यांवर जीव ओतला. सगळी काजं हाताने केली. आतून कोणी बघत नाही तिथंसुद्धा टाके मोजून घातले. बेकरीवाल्याच्या पँटची मोहरी उसवून तीनदा शिवली, कारण अर्धा टाका वाकडा वाटला. रडलो नाही, पण चष्मा बऱ्याचदा पुसावा लागला.

गल्ली मोकळी झाली त्या दिवशी सकाळी टेप परत गळ्यात घातला आणि शेवटची वही लिहायची म्हणून, उगीच, बेकरीवाल्याच्या पँटची कंबर मोजली. बोटांनी आपोआप वजा केलं. आणि तरीही चिठ्ठीतला आकडा आला. एवढंच. मला दोन मिनिटं कळेना की आकडा बरोबर आला तर मी पुन्हा पुन्हा का मोजतो आहे. मग टेपचं टोक पाहिलं, काळ्या दोऱ्याची टीप पाहिली, आणि खाली बसलो. बरोबर शिवलेली असती तर दोन वजा होऊन कंबर चिठ्ठीपेक्षा दोन इंच कमी यायला हवी होती. चौदाच्या चौदा कपडे दोन इंच मोठे होते. बाहेर शटरच्या पलीकडे, मीच खडूने आखलेल्या गोलांत, माणसं उभी राहायला लागली होती.

मी हिला हाक मारली. म्हटलं, बाबांनी पंचेचाळीस वर्षांत एक कपडा सैल दिला नाही आणि मी दुकान बंद करताना चौदा देणार. सगळ्यांना परत पाठवतो, उसवतो, आत घेतो, मग देतो. ही जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी होती. म्हणाली, "द्या तसेच. सैल असला तर परत आणतील, तेव्हा आत घ्या. आधी घालू तर द्या त्यांना." मला तिचा राग आला. पण बाहेर माणसं होती, आणि घड्याळात चारच तास होते. म्हणून दिले. देताना एकाच्याही डोळ्यांकडे बघितलं नाही. मास्कमुळे ते खपून गेलं.

दोन दिवस कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी बेकरीवाला आला, तीच पँट घालून, आणि आपल्या गोलात उभा राहिला. मी आधीच बोलायला सुरुवात केली की माझी चूक झाली आहे, मी आत घेऊन देतो, दोन दिवस द्या. तो म्हणाला, "मास्तर, आत काय घेता? घरात दुसरी एक पँट लागत नाही मला. तुम्ही हात न लावता ओळखलंत."

आणि त्याने शर्ट वर करून दाखवलं, दादा. बटण लागलं होतं. नीट, सुखाने लागलं होतं. एक इंच त्याने माप देताना पोट आत ओढलं होतं त्याचा आणि एक इंच नऊ आठवडे घरात बसून खाल्लेल्या त्याच्याच पावाचा. हिशेब चोख होता. त्याच्या मागोमाग सलूनवाला आला, त्याचंही तेच. दुपारपर्यंत सात जण येऊन गेले, आणि प्रत्येकाला वाटत होतं की मास्तरांना माणसं कळतात. चौदांतले तेरा कपडे अगदी अंगासरशी बसले. चौदावं जाकीट गणिताच्या बाईंचं. त्या मात्र जशाच्या तशा राहिल्या होत्या, त्यामुळे त्यांना ते सैल असणार म्हणून माझ्या तोंडचं पाणी पळालं. तर त्यांनी फोन करून सांगितलं की आता शाळेच्या रिकाम्या वर्गात बसून, नियमाप्रमाणे खिडक्या उघड्या ठेवून कॉम्प्युटरवरून शिकवावं लागतं, थंडी वाजते, आणि आत जाड स्वेटर मावेल असं जाकीट शिवणारा शिंपी त्यांनी आजवर बघितला नव्हता. मी त्यांना खरं सांगायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या की हल्ली असा विनय उरला नाही.

मी सगळ्यांना खरं सांगायचा प्रयत्न केला आहे, हे तुला शपथेवर सांगतो. बेकरीवाल्याला टेप दाखवला, टोक दाखवलं. त्याने तो डोळ्यांपुढे धरला आणि शेजारच्याला म्हणाला, बघा, जुन्या लोकांची हत्यारं. मग मी टेप परत गळ्यात घातला. आता दारात एकतीस टोपल्या आहेत, म्हणजे टोपल्या आमच्याकडे दोनच, बाकी लोकांनी आपापल्या बादल्या आणल्या आहेत. कोपऱ्यावरचं तयार कपड्यांचं मोठं दुकान, ज्याने गेली सहा वर्षं आपली निम्मी गिऱ्हाइकं नेली, त्याच्या मालकाने काल स्वतःच्या दुकानातल्या स्वतःच्या तीन पँटी माझ्याकडे सैल करायला पाठवल्या. कागदात गुंडाळून, मागच्या दाराने. मी कोणाला सांगितलं नाही. (तुला सांगणं म्हणजे कोणाला सांगणं नव्हे.) आता मास्क लावून, हात धुऊन गिऱ्हाइकाला हात लावायची परवानगी आहे, त्यामुळे मी पुन्हा स्वतः माप घेतो आणि बोटं पुन्हा वजा करतात.

दादा, हे लांबलचक पत्र तुझे आभार मानायला लिहिलं आहे. तू नाकतोड्यासाठी ते दोन इंच कापले नसतेस तर मी चौदा जणांना त्यांच्या मापाचे कपडे शिवून दिले असते, ते एकालाही झाले नसते, आणि मी आज बाबांचं मशीन झाकून बसलो असतो. कान वाजला होता त्याचं मला बरीच वर्षं वाईट वाटत होतं, हे आज लिहून टाकतो. आता वाटत नाही. तू बाबा गेल्यापासून अकरा वर्षांत दुकानाची पायरी चढला नाहीस, तुला कामं असतात, ते मी समजतो. पण या वर्षी दुकान तुझ्यामुळे उघडं आहे, हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं. बेकरीवाल्याचे, सलूनवाल्याचे, त्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या सगळ्या घरांचे उपकार आहेतच. पण पहिला नमस्कार तुला.

वहिनीला नमस्कार, मुलांना खूप आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. साहेबांना सांग की मी पंधराला येत नाही. पुढेही येत नाही. तू शब्द टाकला होतास, तुझी मान खाली जाईल, याच एका विचाराने हे वाक्य पत्रात कुठंच बसेना, म्हणून इथे बसवलं. गोदामाला माझ्यापेक्षा चांगला माणूस मिळेल. मी आयुष्यभर दोन वजा करत आलो आहे, मालाची मोजदाद मला सांभाळायला देणं त्यांच्याही हिताचं नाही.

ता. क. दुसरा. उरलेल्या चांगल्या कापडाचा तुझ्यासाठी कोट शिवला आहे. उद्या वेगळ्या पार्सलने ही पाठवील. माप फोनच्या पडद्यावर तू दिसतोस त्यावरून अंदाजाने घेतलं आणि वर दोन इंच धरले. घट्ट झाला तर वहिनीला सांगू नकोस, मला सांग.

ता. क. तिसरा. भाऊजी, नमस्कार. हे पाकिटासाठी डिंक आणायला गेले आहेत, तेवढ्यात मी लिहिते. टेपचं मला पहिल्याच चिठ्ठीला कळलं होतं. बेकरीवाल्यांच्या पँटना अठरा वर्षं बटणं मी लावते आहे, त्यांची कंबर मला माहीत नसेल का? पण त्याच आठवड्यात मी माझे स्वतःचे सगळे कपडे दोन बोटं सैल केले होते, आणि रोज सकाळी फावड्यावरून कुठल्या घरी किती पाव जातो ते खिडकीतून बघत होते. म्हणून बोलले नाही. यांना सांगितलं असतं तर यांनी चौदाही कपडे बरोबर शिवले असते, चौदाही परत आले असते, आणि आम्ही आता तुमच्या गावी असतो. यांना सांगू नका. तुमचे आभार मानताना यांना फार बरं वाटतंय.

आणखी एक. मामंजींनी शेवटच्या आजारात मला सांगितलं होतं, ते मी कोणालाच बोलले नव्हते. टेप तुम्ही कापलात हे त्यांना त्याच दिवशी माहीत होतं. यांना मारलं ते तुम्ही पुढे येऊन बोलाल म्हणून. तुम्ही बोलला नाहीत, आणि मग नवा टेप आणायचं त्यांच्या जिवावर आलं. म्हणाले, मोठा येऊन सांगेल तेव्हा बदलू. नंतर तुम्ही गाव सोडलंत. मग म्हणाले, आता राहू दे, मोठ्याचं दुकानात तेवढंच आहे.

तो दोन इंचांचा तुकडा तुमच्याकडे अजून असेल असं मला वाटतं. असेल तर पोस्टाने पाठवू नका. कोट मी पाठवत नाही. मशीनच्या वरच्या खिळ्याला टांगून ठेवला आहे. इथे येऊन घालून बघा.